काउन्सिलमध्ये बसून रिकन्सिलिएशन प्लॅन केला त्याची गोष्ट: फेब्रुवारी २०२३ ते मे २०२५

आमच्या काउन्सिलचा (इथली नगरपालिकाच) पहिला रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांशी नातं सुधारायला काउन्सिल काय काय करणार त्याचा आराखडा, एकदाचा लागू झाला. काम हातात आलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, लाँच झालं मे २०२५ च्या शेवटी. मेलबर्नच्या काउन्सिलांमध्ये आता आपली बरीच मंडळी आहेत, कोणी प्लॅनिंगमध्ये, कोणी फायनान्समध्ये, आयटीत, चाइल्ड केअरमध्ये, आणि कधी ना कधी "या वर्किंग ग्रुपवर तू ये" असा ईमेल त्यातल्या कोणाला तरी येणारच. तेव्हा हाताशी काहीतरी असावं म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. कुठली काउन्सिल ते लिहीत नाही. जमीन वुरुंजेरी वोई-वुरुंग लोकांची आहे, मेलबर्नच्या उत्तर आणि पूर्वेकडचा बराच भाग त्यांचा, एवढं पुरे.

आधी थोडी माहिती, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया ही राष्ट्रीय संस्था २००१ पासून आहे आणि ॲक्शन प्लॅनचा कार्यक्रम त्यांनी २००६ मध्ये सुरू केला. चार पायऱ्या आहेत: रिफ्लेक्ट, इनोव्हेट, स्ट्रेच, एलेव्हेट. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी रिफ्लेक्ट, साधारण वर्ष-दीड वर्षाचा प्लॅन, त्यात मुख्यतः आपलं घर तपासायचं असतं. या ॲक्शन प्लॅनला सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून रॅप म्हणतात, पण व्हिक्टोरियात २००६ च्या ॲबोरिजिनल हेरिटेज कायद्याखालच्या रजिस्टर्ड ॲबोरिजिनल पार्टीलाही (एखाद्या भागातला वारसा सांभाळणारी ॲबोरिजिनल लोकांची नोंदणीकृत संस्था) रॅपच म्हणतात, त्यामुळे प्लॅनिंगवाल्यांशी बोलताना कुठला रॅप ते पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

वेबसाइटवर नोंदणी केली, टेम्प्लेट आलं. त्यात प्रत्येक कामापुढे तारीख आणि जबाबदारी लिहायची, आणि जबाबदारीत माणसाचं नाव नाही, हुद्दा. हे चांगलं आहे कारण माणसं नोकरी बदलतात. त्याशिवाय वर्किंग ग्रुप लागतो आणि त्यात फर्स्ट नेशन्सची, म्हणजे ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर, माणसं असायलाच हवीत.

इथेच पहिला पेच. आमच्या लायब्ररीत एक ॲबोरिजिनल सहकारी आहे, आणि पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. मी तिला कॉफीला बोलावून विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "मी लायब्ररियन आहे, मला त्याचा पगार मिळतो. प्रत्येक नवीन मॅनेजर आला की मी सगळ्या ॲबोरिजिनल लोकांच्या वतीने बोलायचं, आणि तेही माझं काम सांभाळून, हे मी खूप वर्षं केलंय." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. नंतर ती आली, पण तिची अट होती की हे तास तिच्या आठवड्याच्या ३८ तासांत धरले जातील आणि लायब्ररीत त्या वेळेला दुसरं माणूस मिळेल. ते तिच्या मॅनेजरकडून लेखी घेतलं. तुमच्याकडे असं कोणी असेल तर हे कागदावर आणल्याशिवाय त्यांना विचारूसुद्धा नका.

दुसरी गोष्ट मी केली ती या सगळ्या प्रकारात सगळ्यात उपयोगाची ठरली. कोणाला भेटायला जायच्या आधी रेकॉर्ड्स विभागात जाऊन जुन्या फाइली मागवल्या. आपल्या आधी कोणीतरी हे विचारलेलं असणार असं वाटत होतंच. निघाली फाइल, २०११ ची. तेव्हाच्या एका ऑफिसरने तीन-चार एल्डर्सना (ॲबोरिजिनल समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्यांना) भेटून व्यवस्थित नोंदी केल्या होत्या आणि त्यात त्यांच्या मागण्या साफ लिहिलेल्या होत्या: ॲबोरिजिनल झेंडा फक्त एका आठवड्यापुरता नाही तर वर्षभर, एल्डर्सना बसायला-भेटायला कम्युनिटी सेंटरची खोली फुकट, आणि क्रीकच्या काठी हे कोणाचं कंट्री (पूर्वजांपासूनची भूमी) आहे ते सांगणारे फलक. ऑफिसर सोडून गेला आणि फाइल बंद झाली. बारा वर्षं.

त्याच सुमारास मी कोरँडर्कबद्दल वाचत होते. हील्सव्हिलजवळ १८६३ मध्ये वसलेली वस्ती. लोकांनी तिथे शेती उभी केली, हॉप्स पिकवले, आणि जमीन काढून घ्यायच्या हालचाली सुरू झाल्यावर त्यांचे नेते विल्यम बराक आणि बाकीचे तिथून मेलबर्नपर्यंत चालत येऊन सरकारला भेटले, अर्ज दिले, १८८१ मध्ये चौकशीही बसली. आणि १८८६ मध्ये कायदा आला की मिश्र वंशाच्या तरुण माणसांनी अशा वस्त्यांवर राहायचं नाही. घरं फुटली, कामाची माणसं गेली, पुढे वस्तीच बंद पडली. अर्ज, चौकशी, नोंद, फाइल, ही सगळी आम्हा काउन्सिलवाल्यांच्या रोजच्या कामातली हत्यारं. ती २०११ ची फाइल समोर असताना हे वाचणं फार जड गेलं.

ट्रॅडिशनल ओनर कॉर्पोरेशनकडे (जमिनीच्या मूळ मालकांची अधिकृत संस्था) भेटीसाठी त्यांचा फॉर्म भरून मार्चमध्ये विनंती पाठवली, भेट मिळाली जूनमध्ये. कोणी वैतागू नका, त्यांच्या भागात कितीतरी काउन्सिलं येतात, शिवाय राज्य सरकार, रस्तेवाले, बिल्डर, शाळा, सगळ्यांना त्यांच्याशीच बोलायचं असतं आणि तिकडे माणसं मोजकी. त्या भेटीची फी असते आणि ती असायलाच हवी. वेलकम टू कंट्रीसाठीही, म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते त्यांच्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत करतात त्यासाठी, वेगळी फी. वेलकम फक्त त्या जमिनीचे ट्रॅडिशनल ओनर्सच करू शकतात, ॲक्नॉलेजमेंट, म्हणजे त्या मूळ मालकांचा आदराने उल्लेख, कोणीही करू शकतं, हा फरक ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतो. रिकन्सिलिएशन वीक दरवर्षी २७ मे ते ३ जून, ॲबोरिजिनल लोकांना जनगणनेत धरायचं १९६७ चं सार्वमत आणि मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क मानणारा १९९२ चा माबो निकाल या दोन तारखांच्या मधला आठवडा, आणि त्या दिवसांत सगळ्यांनाच वेलकम हवा असतो, त्यामुळे बुकिंग काही महिने आधी करा.

कॉर्पोरेशनशिवाय आमच्या भागात राहणाऱ्या, पण दुसऱ्या कंट्रीतून आलेल्या एल्डर्सनाही भेटायचं होतं. पहिली भेट एका आँटींच्या घरी. एल्डर्सना आँटी, अंकल म्हणतात पण आधी विचारून घ्यायचं, काही जणांना पहिल्याच भेटीत परक्याने म्हटलेलं आवडत नाही. मी विचारलं, त्या म्हणाल्या हो म्हण. चहा झाला आणि त्यांनीच सुरुवात केली, "तू किती दिवस आहेस या नोकरीत? दर दोन वर्षांनी नवीन कोणीतरी येतं, तेच प्रश्न विचारतं, वहीत लिहितं आणि जातं." मी प्रश्नांची यादी बाहेर काढलीच नाही. २०११ च्या नोंदींची कॉपी काढली, त्यातल्या एकेका मागणीपुढे आज काय स्थिती आहे ते मी आधीच लिहून नेलं होतं. झेंडा: फक्त जुलैत नायडॉक वीकला (ॲबोरिजिनल संस्कृतीचा आठवडा) आणि मे-जूनमध्ये रिकन्सिलिएशन वीकला. खोली: तासाला भाडं लागतं. फलक: काहीच नाही. त्यांनी चष्मा लावून तो कागद सावकाश वाचला, त्यात स्वतःच्या मोठ्या बहिणीचं नाव बघून थांबल्या, बहीण तोवर गेलेली होती. मग म्हणाल्या, "ठीक आहे, आता बोलू." त्यानंतर दोन तास बोललो आणि त्या दिवसापासून प्लॅनला खरा आकार आला.

म्हणून कोणी मला एकच टिप विचारली तर ही सांगेन: विचारायला जाऊ नका, मागच्या वेळी सांगितलेल्याचं काय झालं ते सांगायला जा.

आता पैशांचा भाग, जो कुठल्याच गाइडमध्ये नीट लिहिलेला नसतो. एल्डर्सच्या वेळेचे पैसे द्यायचे हे सगळ्यांना मान्य होतं, आम्ही दोन तासांच्या मीटिंगला ३०० डॉलर ठरवले. पण आमच्या फायनान्सच्या सिस्टीमला एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) नसलेला माणूस दिसतच नाही. टॅक्सचा नियम असा की एबीएन दिला नाही तर पैसे देणाऱ्याने ४७ टक्के कापून घ्यायचे, म्हणजे ३०० पैकी १४१ गेले. आपल्या घरी बसवून, चहा पाजून, आयुष्यातल्या कठीण गोष्टी सांगणाऱ्या बाईच्या हातात १५९ डॉलर ठेवायचे? त्यावर उपाय आहे, "स्टेटमेंट बाय अ सप्लायर" नावाचा टॅक्स ऑफिसचा साधा फॉर्म. माणूस धंदा म्हणून हे करत नसेल तर तो कारण लिहून सही करतो आणि कापायची गरज राहत नाही. आमच्या अकाउंट्समधल्या मुलीला तो माहीत होता, कोणी विचारलंच नव्हतं! शिवाय बिलं ३० दिवसांनी द्यायचा नियम होता तो अशा पेमेंटसाठी सात दिवसांवर आणला, त्यासाठी सीएफओची सही लागली आणि ती मिळायला ऑगस्ट उजाडला. काही जणांना पेन्शनवर परिणाम होईल का अशी शंका असते, तर पैसे कसे हवेत ते त्यांनाच आधी विचारायचं, आपण गृहीत धरायचं नाही.

प्रोक्युरमेंटचं वेगळंच. ठराविक रकमेच्या वर तीन कोटेशन लागतात. आता वेलकम टू कंट्रीसाठी, त्याच जमिनीच्या त्याच लोकांशिवाय, तीन कोटेशन कुठून आणणार? पॉलिसीत अपवादाचं एक कलम घालून घेतलं. केटरिंग, छपाई, बागकाम वगैरेसाठी सप्लाय नेशन आणि व्हिक्टोरियातलं किनावे, या दोन ठिकाणी ॲबोरिजिनल मालकीच्या व्यवसायांची यादी मिळते, ती खरेदी करणाऱ्या प्रत्येक टीमच्या हातात दिली. ही सगळी कामं रुक्ष वाटतील पण माझं ठाम मत झालंय की काउन्सिलच्या माणसाने करायचं रिकन्सिलिएशन मुख्यतः इथेच आहे, आपलेच नियम खरवडण्यात. भाषणं बाकीचे करतात.

मग १४ ऑक्टोबर २०२३. व्हॉइसचं सार्वमत, म्हणजे संसदेला सल्ला देणारी फर्स्ट नेशन्सची संस्था राज्यघटनेत आणायची का यावरचं. देशभरात साधारण ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं, एकाही राज्यात हो झालं नाही, व्हिक्टोरियातही नाही. काउन्सिलचे नोकर म्हणून आम्हाला प्रचार करता येत नव्हता, ते ठीकच, पण सोमवारी ऑफिसात आल्यावर काय बोलावं कोणालाच कळेना. फर्स्ट नेशन्सच्या नेत्यांनी एक आठवडा मौन पाळायचं जाहीर केलं होतं. लायब्ररीतली सहकारी सुट्टीवर गेली. मी सगळ्या ठरलेल्या मीटिंग रद्द केल्या, आँटींना एकच मेसेज केला की उत्तर द्यायची गरज नाही, काही लागलं तर मी आहे. वरून विचारणा झाली की डिसेंबरची डेडलाइन पाळणार ना, तर मी डेडलाइन पुढे ढकलायचा मेमो लिहिला आणि कारणात सरळ सार्वमत लिहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा भेटलो. कोणी सोडून गेलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

त्या महिन्यात डेपोच्या लोकांचं ट्रेनिंग झालं. एरवी असली ट्रेनिंग ऑफिसातल्यांनाच मिळतात, पण झाडं कापणारे, खड्डे खणणारे, गवत काढणारे हेच तर जमिनीला हात लावतात. कॉर्पोरेशनचे एक कल्चरल हेरिटेज अधिकारी आम्हाला क्रीककाठी घेऊन गेले आणि एका जुन्या रिव्हर रेड गमसमोर उभं केलं. खोडावर माझ्या गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत लांबट खाच, आतलं लाकूड करडं आणि कोरडं, दोन्ही बाजूंनी साल जाड होऊन आत वळलेली, पोळीची कड दुमडावी तशी. भांडं किंवा होडी करायला साल काढलेली, झाड जिवंत ठेवून. ते म्हणाले खाच जमिनीपर्यंत पोचते का बघा, आगीने किंवा गाडी धडकून झालेली बरेचदा खालपर्यंत जाते, माणसाने काढलेली सहसा वरच थांबते आणि दोन्ही कडा साधारण सारख्या असतात. डेपोतला एक वयस्क माणूस, वीस-पंचवीस वर्षं तिथेच गवत कापणारा, बराच वेळ झाडाभोवती फिरला आणि म्हणाला असंच अजून एक मला माहितेय, पलीकडच्या वळणावर. ते खरंच नोंदलेलं नव्हतं. आता आहे. अशा झाडाला इजा करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि नाव असलेल्या कुठल्याही क्रीक किंवा नदीपासून २०० मीटरच्या आत काम असेल तर हेरिटेजचे नियम तपासल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हे आता डेपोच्या जॉब शीटवरच छापलंय.

२६ जानेवारीचा विषय आपल्या लोकांना जवळचा म्हणून थोडं जास्त लिहिते. १७८८ मध्ये त्या दिवशी सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा लागला, आणि १९३८ मध्ये त्याच तारखेला ॲबोरिजिनल नेत्यांनी शोकदिन पाळला. मी स्वतः नागरिकत्व २६ जानेवारीलाच घेतलं, टाउन हॉलमध्ये, साडी नेसून, आणि आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिन म्हणून आईला केवढा आनंद झाला होता. २०१७ मध्ये यारा आणि डेअरबिन काउन्सिलांनी तो दिवस साजरा करायचं थांबवलं तर केंद्र सरकारने त्यांचा नागरिकत्व समारंभ घ्यायचा अधिकारच काढून घेतला. डिसेंबर २०२२ पासून नियम बदलला, आता तीन दिवस आधी किंवा नंतरही घेता येतो. आम्ही नगरसेवकांपुढे तोच पर्याय ठेवला आणि तो मान्य झाला. मराठी मंडळातल्या काही जणांनी मला फोन करून विचारलं की आपला दिवस का काढून घेताय. मी सांगितलं, शपथ तीच, कागद तोच, फक्त ज्यांच्या जमिनीवर आपण घर केलं त्यांच्या दुःखाच्या दिवशी आपण पेढे वाटायचे नाहीत. काहींना पटलं, काहींना नाही, बोलणं चालू आहे.

मार्च २०२४ मध्ये मसुदा रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलियाला पाठवला. त्यांच्या कॉमेंट डॉक्युमेंटच्या कडेलाच येतात, फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला काही आठवडे धरा. मुख्य आक्षेप एकच: "प्रोत्साहन देऊ", "प्रयत्न करू" असलं लिहिलेलं चालत नाही, कोण, काय, कधीपर्यंत ते लिहा. दरम्यान कव्हरसाठी एका ॲबोरिजिनल चित्रकाराला काम दिलं, त्यात कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो आणि आपण वापराचं लायसन्स घेतो. करारात नीट लिहा की बॅनरवर, कपांवर, बसवर लावायचं तर पुन्हा परवानगी आणि पुन्हा पैसे. आमच्या मार्केटिंगला हे नवीन होतं.

ऑगस्टमध्ये सशर्त मंजुरी आली. म्हटलं आता सप्टेंबरच्या सभेत ठराव, पण १७ सप्टेंबरपासून केअरटेकर पिरियड, म्हणजे आपल्याकडची आचारसंहिताच, आणि सप्टेंबरच्या अजेंड्यावर आमचा विषय आलाच नाही. २६ ऑक्टोबरला निवडणूक झाली, निम्मे नगरसेवक नवीन आले, सगळं पहिल्यापासून समजवायचं. व्हिक्टोरियात दर चार वर्षांनी ऑक्टोबरात हे होणार, कॅलेंडरवर आत्ताच लाल खूण करा.

ठराव मार्च २०२५ मध्ये आला. लोकांच्या प्रश्नांच्या वेळेत एका गृहस्थांनी चढ्या आवाजात विचारलं की आमच्या घरपट्टीतून हे का. मी खर्चाचं एक पान करून ठेवलं होतं, प्रत्येक ओळ, फी, ट्रेनिंग, झेंड्याचा खांब, चित्र, छपाई, आणि शेजारी काउन्सिलचं एकूण बजेट. मेयरांनी तेच वाचून दाखवलं. ठराव बहुमताने मंजूर झाला, एकमताने नाही. एप्रिलमध्ये ॲन्झॅक डेच्या (युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन) पहाटे मेलबर्नच्या श्राइन या युद्धस्मारकावर वेलकम टू कंट्री चालू असताना काही लोकांनी हुर्यो केली, तेव्हा लाँचला एल्डर्सना बोलवावं का असा प्रश्न आमच्यात निघाला. तो आम्ही ठरवायचा नव्हता, म्हणून त्यांनाच विचारला. आँटी म्हणाल्या मी येणार, आणि पहिल्या रांगेत खुर्ची ठेव, मला गुडघ्याचा त्रास आहे. सुरक्षेचा माणूस ठेवला, गरज पडली नाही. त्यांनी त्या जुन्या फाइलमधलं बहिणीचं नाव सगळ्यांसमोर घेतलं.

२०११ च्या यादीचं आजचं सांगते. खोली जुलै २०२४ पासून एल्डर्सच्या गटाला फुकट आहे. ते कोणाच्या मर्जीवर नको म्हणून काउन्सिलच्या वार्षिक दरपत्रकातच शून्य डॉलर अशी ओळ घातली, दरपत्रक जूनच्या बजेटबरोबर मंजूर होतं त्यामुळे विनंती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत द्यायला लागते. झेंडा वर्षभर असतो, जादा खांबाला पायाचं डिझाइन आणि परवानगी यात बरेच महिने गेले. क्रीकवरचे फलक अजून झालेले नाहीत. मजकूर आणि त्यातले वोई-वुरुंग शब्द कॉर्पोरेशनकडे आहेत, ते त्यांच्या एल्डर्सना विचारून ठरवणार, आणि त्यांना मी घाई करणार नाही. पण आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं आणि न वापरलेले पैसे परत जातात, म्हणून ती रक्कम पुढच्या वर्षात ओढायचा कॅरी-फॉरवर्डचा फॉर्म या आठवड्यात भरायचाय. मग ३० सप्टेंबरपर्यंत रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलियाचा वार्षिक सर्व्हे, त्यात फलकांपुढे "बाकी" असं लिहावं लागेल आणि तसंच लिहिणार आहे.